सूर्यमाळच्या चढाला किती दात?

माणसाला वय आणि पगार विचारू नये म्हणतात. मी दोन्ही विचारत नाही. माझ्या दुकानात नवी सायकल लावून घ्यायला आलेल्या माणसाला मी विचारतो, "आज सकाळपासून काय काय खाल्लंत?" आणि हे विचारतो दुकानासमोरच्या चढावर. तो सायकलवर, मी बाजूने चालत. नवं गिऱ्हाईक बिचकतं. आपण सायकलवाल्याकडे आलोय की वैद्याकडे, असा त्याचा चेहरा होतो. पण जव्हारमध्ये सदतीस वर्षं सायकली दुरुस्त केल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. वजन आणि दम या दोन बाबतींत भला माणूसही खोटं बोलतो. चढावर बोलतं केलं की खरं काय ते बाहेर येतं.

"पोहे" म्हणतानाच ज्याचा श्वास तुटला, त्याला मागे चौतीस दात. पोहे संपवून चहापर्यंत पोचला, त्याला बत्तीस. चहाला साखर कमी होती, असली तक्रारही ज्याला करता आली, त्याला अठ्ठावीस. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात नाही. माझ्या बायकोच्या मते ते शास्त्रही नाही, दुसऱ्याच्या घरात काय शिजतं ते काढून घ्यायची युक्ती आहे.

दातांचा हा हिशोब बाहेरच्या माणसाला थोडा उलगडून सांगायला हवा. मी दुकान टाकलं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. सायकल काळी असायची, पुढे पायडलपाशी चव्वेचाळीस दातांचं एक चक्र, मागे अठरा दातांचं फ्रीव्हील, मध्ये चेन. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. मग शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, नाशिककडून घट्ट कपड्यांतली माणसं यायला लागली. त्यांच्या सायकली अशा हलक्या, की मी पहिली सायकल उचलली ती जोर जास्त लागून छताच्या पंख्याला भिडली. त्या सायकलींना पुढे दोन चक्रं आणि मागे दहा-अकरा चकत्यांची रास. त्या राशीला कॅसेट म्हणतात. घरात आडवी पडलेली उतरंड डोळ्यांपुढे आणा: सगळ्यात मोठं मडकं एका टोकाला, सगळ्यात लहान दुसऱ्या टोकाला. चेन या मडक्यावरून त्या मडक्यावर उड्या मारते आणि तिला ढकलायला मागे एक लोंबता लोखंडी हात असतो, त्याला डिरेलर म्हणतात.

गणित चौथीचं आहे. पुढचे दात भागिले मागचे दात. पुढे पन्नास आणि मागे अकरा असतील, तर पायडल एकदा फिरवल्यावर मागचं चाक साडेचार वेळा फिरतं, म्हणजे सायकल नऊ मीटरच्या वर जाते. पुढे चौतीस, मागेही चौतीस असतील, तर चाक एकदाच फिरतं. दोन मीटर. उतारावर नऊ मीटर हवेत, घाटात दोन पुरतात. चढ तेवढाच राहतो. तुम्ही तो मोठ्या घासांनी खाता की लहान, एवढाच फरक.

मग सगळ्यांना चौतीसच का नाही देत, असं कोणी विचारेल. अकरा ते पंचवीसच्या कॅसेटमध्ये चकत्या चढत्या क्रमाने जवळजवळ असतात. पाय एका लयीत फिरत राहतात. अकरा ते चौतीसमध्ये तेवढ्याच पायऱ्यांत जास्त उंची गाठायची, म्हणून प्रत्येक पायरी उंच. सपाटीवर एक गिअर जड आणि त्याच्या शेजारचा हलका, असं होत राहतं. वेगानं जाणाऱ्याला ते फार खुपतं. आमच्या जव्हार-मोखाड्यात सपाटी शोधावी लागते, त्यामुळे मला त्या तक्रारीचं फारसं काही वाटत नाही. पण गिऱ्हाइकाला वाटतं. आणि त्याहून जास्त आडवा येतो तो मान. मोठी चकती म्हणजे म्हातारपण, अशी एक समजूत या मंडळींत आहे.

ठाण्याचे एक तरुण साहेब होते. सायकल लाल, देखणी, मागे अकरा-पंचवीस. शर्यतीतले लोक हेच वापरतात, असं त्यांनी वाचलं होतं. मी म्हटलं, "साहेब, ते लोक पंचावन्न किलोचे असतात आणि चढण्याचा त्यांना पगार मिळतो." साहेब हसले आणि सूर्यमाळला गेले. सूर्यमाळ म्हणजे मोखाडा तालुक्याचा माथा. खोडाळ्याच्या पुढे जंगलातून वर जाणारा रस्ता, एकामागून एक वळणं. दुपारी साहेब परत आले ते बूट दाखवायला. त्या बुटांच्या तळाला पायडलमध्ये अडकवायची टणक पट्टी असते, ती चालून चालून झिजली होती. निम्मा चढ ते सायकल हातात धरून टक टक करत चालले होते. वाटेत एक म्हातारे बाबा कुंपणापाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "बिघडली कां?"

"नाही."

"मंग ती तुला आणते, का तू तिला आणतोस?"

हे साहेबांनी स्वतःच हसत हसत मला सांगितलं, म्हणून मला तो माणूस आवडला. पुढच्या वर्षी त्यांनी नवी सायकल घेतली, चौतीसवाली. ती लाल जुनी माझ्याकडे विकायला ठेवून गेले. ही सायकल लक्षात ठेवा आणि ते म्हातारे बाबाही.

दुसरे आमचे कुळकर्णी साहेब. बँकेतून निवृत्त झाले आणि आठवड्याच्या आत सायकल घेतली. माझ्या चढावर त्यांचे पोहे पुरे झाले नाहीत, "पो" वरच राहिले. मी चौतीस सुचवले. साहेब म्हणाले, "दिनकरराव, चौतीस बायकांना ठीक आहे. मला तीस बसवा." मी चौतीस बसवले आणि तीस सांगितले. मागच्या चकतीचे दात खाली बसून मोजणारा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता. साहेब पुढच्या रविवारी मोखाड्याला जाऊन आले आणि बाजारपेठेत सांगत सुटले, "तीसवर चढलो." मी हे ज्या अंकात लिहितोय तो त्यांच्या घरी जातो, तेव्हा त्यांना आज कळेल. साहेब, माफी असावी. चढलात मात्र तुम्हीच.

असली गंमत करता करता मी स्वतःला मोठा जाणकार समजायला लागलो होतो. एक सवयही लागली होती, ती आता सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. चेन नवी असते तेव्हा लांब असते. सायकलीच्या मापाने तिच्या कड्या काढाव्या लागतात. त्या काढलेल्या कड्या मी कधी टाकल्या नाहीत. बारीक चेनच्या एका डब्यात, जाड चेनच्या दुसऱ्या डब्यात. दोन कड्या वाचवता आल्या की मला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटे. बायको म्हणायची, "वर जाताना हे डबे बरोबर न्या." मी म्हणायचो, तिथेही कोणाची तरी चेन तुटलेली असेल.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता कमल वारघडे बाई दुकानात आल्या. पोशेऱ्याच्या शाळेत शिक्षिका, वय पस्तिशीचं, माहेर सूर्यमाळच्या एका पाड्यावर. आठवीच्या मुलींना वाटलेल्या सायकलींविषयी त्या बोलायला आल्या होत्या. त्या सायकली मला चांगल्याच ठाऊक होत्या. एका संस्थेने त्या दिल्या होत्या. सुटे भाग खोक्यांतून आले आणि जोडणीचं काम मला मिळालं. वीस मिनिटांत एक सायकल, अशी माझी लय होती. ब्रेक ठीक, चाक सरळ, सीटखाली माझ्या दुकानाचं स्टिकर, पुढची घ्या. एकही सायकल तक्रार घेऊन परत आली नाही, असं मी अभिमानाने सांगत असे.

बाई म्हणाल्या, "तक्रार कशी येईल काका? कोणी चालवतच नाही. माझ्या वर्गातल्या बारा मुली वरच्या पाड्यांवरच्या आहेत. बारा सायकली घरांच्या मागे उभ्या आहेत. कुठे हँडलवर कपडे वाळत आहेत, एका कॅरिअरवर कोंबडी अंडी घालते. पोरी पहाटे चालत निघतात आणि पहिल्या तासाला माझ्यासमोर पेंगतात. दोघींनी तर शाळा सोडायचीच भाषा केली आहे."

"का चालवत नाहीत?"

"जाताना उतार, येताना चढ. अठरा दातांवर चढत नाही. आईबाप म्हणतात, मग घेऊन काय जायचं."

पाड्यावर बैठक झाली होती. भंगारवाल्याचा टेम्पो येऊन सायकली बघून गेला होता, होळीच्या आधी परत येणार होता. बैठकीत सगळ्यात ठाम होते सोमाबाबा, बाईंचे वडील. ते म्हणाले होते, "चढ पायाचा हाय. सायकल सपाटीची." बाईंनी सांगितलं, की दात बदलले तर सायकलही चढते. त्यावर सोमाबाबांनी लेकीला अट घातली होती: थंडीत जव्हार ते सूर्यमाळ अशी सायकलस्वारी होणार आहे, त्यात तू सायकलवर बसून वर ये. आलीस, तर बाराही सायकली जव्हारच्या शेठकडं धाडू, काय बदलायचं ते बदल. नाही आलीस, तर टेम्पोत.

"ते एक टक टक चालणारे साहेब त्यांनी पाहिले आहेत ना," बाई म्हणाल्या, "तेव्हापासून त्यांचा सायकलीवर विश्वास नाही."

म्हणजे कुंपणापाशी उभे असलेले बाबा ते हेच. मी कोपऱ्यातली लाल सायकल बाहेर काढली. बाईंना ती मापाला बरोबर बसली. मग आमची रीतसर परीक्षा. मी चढावर विचारलं, सकाळी काय खाल्लंत. बाईंनी नागलीची भाकरी, चटणी, चहा हे संपवलं, मग शाळेच्या पोषण आहारात सोमवारपासून शनिवारपर्यंत काय काय असतं ते सांगितलं, आणि वर पोचून विचारलं, "काका, आणखी काय सांगू?"

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला अठ्ठावीस खूप झाले."

"नको, चौतीस लावा. मी माझ्यासाठी नाही चढत आहे. माझ्या वर्गातली सगळ्यात अशक्त पोर जेवढ्यावर चढेल, तेवढ्यावर मला चढून दाखवायचंय."

मला हे मनापासून आवडलं. मी चौतीसची कॅसेट बसवली. मोठ्या चकतीला जुना डिरेलर पुरत नाही, तो बदलून लांब हाताचा घातला. राहिली चेन. मोठ्या चकतीभोवती फिरायला चेन लांब लागते. तीन जोड्या कड्या वाढवायला हव्या होत्या. मी डब्यातून दोन जोड्या काढल्या. पुढे मोठं चक्र आणि मागे मोठी चकती असं एकदम कोणी लावत नाही, शहाणा माणूस लावत नाही, हे मी शेकडो लोकांना सांगितलं होतं. त्याखेरीज बाकी सगळ्याला चेन पुरत होती. आणि या बाई तर पोषण आहार सांगत चढणाऱ्या, त्या कशाला मोठ्याला मोठं लावतात. तिसरी जोडी मी डब्यात परत टाकली.

चढाचा अभ्यास बाईंनी त्यांच्या पद्धतीने केला. सूर्यमाळच्या रस्त्यावर बायका मोळी किंवा हंडा डोक्यावर घेऊन वर जातात, त्यांच्या बोजा उतरवायच्या जागा ठरलेल्या आहेत. कुठे सपाट दगड, कुठे आंब्याचं खोड. विसावे म्हणतात त्यांना. शेवटच्या चढाला असे तीन. बाई म्हणाल्या, "पहिल्या विसाव्याला अठ्ठावीस, दुसऱ्याला बत्तीस, तिसऱ्याच्या अलीकडे चौतीस. जिथे आईला हंडा उतरवावा लागायचा, तिथे मला गिअर उतरवावा लागणार." तोवरच्या पस्तीस वर्षांत चढाचा इतका नेमका नकाशा मला कोणी दाखवला नव्हता.

स्वारीच्या दिवशी सहाला जव्हारहून चाळीसेक सायकली निघाल्या. अकरापर्यंत वर पोचेल तो उत्तीर्ण. मी हत्यारांची पिशवी आणि तीत बारीक कड्यांचा डबा घेऊन जीपमधून आधीच वर गेलो होतो. कुळकर्णी साहेब संयोजक, गळ्यात शिट्टी, हातात नियमांचा कागद. गवत पिवळं पडलेलं, वारा सुटलेला. पाड्यावरची माणसं रस्त्याच्या कडेला बसली होती आणि बाराही पोरी एका ओळीत उभ्या होत्या. सोमाबाबा एका दगडावर बसून तंबाखू मळत होते. मला म्हणाले, "शेठ, येल ना रे ती?"

मी म्हटलं, "बाबा, माझी जोडणी आहे."

पावणेअकरा झाले. नाशिकचे आले, पालघरचे आले, बाई नाहीत. अकराला दहा कमी असताना खालच्या वळणावर एक बाई डोक्यावर बोजा घेऊन येताना दिसली. मला वाटलं, मोळी असेल. मग त्या मोळीचं एक चाक वाऱ्याने फिरताना दिसलं.

कमलबाईंनी ओढणीची चुंबळ केली होती आणि सायकल आडवी डोक्यावर घेतली होती. हेल्मेट हँडलला लटकत होतं. चाल अशी संथ आणि सरळ, की हंड्यातलं पाणी हललं नसतं. तिसरा विसावा मागे टाकून, तिथे न थांबता, त्या वर आल्या आणि सायकल खाली ठेवली. अकराला चार मिनिटं कमी होती. म्हणाल्या, "दहा किलोच तर आहे. दोन हंड्यांपेक्षा हलकी."

कुळकर्णी साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "नियमात लिहिलंय, 'सायकलीसह, स्वतःच्या बळावर.' बसूनच यायचं असं कुठे लिहिलेलं नाही. उत्तीर्ण." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोमाबाबा दगडावरून उठले नाहीत. त्यांनी लेकीला विचारलं, "ती तुला आणली, का तू तिला आणलीस?"

सगळे हसले. बारा पोरी हसल्या नाहीत.

मी सायकल पाहिली. चेन ताठ ओढली गेली होती, डिरेलर वाकून आऱ्यांकडे गेला होता, तो जिथे लटकतो तो फ्रेमचा कान मुरडला होता. पुढे पन्नास, मागे चौतीस. काय झालं ते बाईंनी सांगितलं. दुसऱ्या विसाव्यानंतर थोडी सपाटी लागते. उशीर झाला होता म्हणून त्यांनी पुढे मोठं चक्र लावून वेग घेतला. मग वळणानंतर एकदम चढ अंगावर आला आणि हाताने मागचा गिअर थेट शेवटच्या चकतीपर्यंत ढकलला गेला. चढात माणूस डोक्याने गिअर बदलत नाही, भीतीने बदलतो. हे मला माहीत असायला हवं होतं.

कुळकर्णी साहेब मायेनेच म्हणाले, "बाई, मोठ्याला मोठं लावायचं नसतं. एवढं तर सायकल चालवणाऱ्याला ठाऊक असतं."

बाईंनी मान खाली घातली. आणि मी गप्प राहिलो. मिनिटभर असेन. आजूबाजूला जव्हार, पालघर, नाशिकची सगळी गिऱ्हाइकं उभी होती, सगळ्यांसमोर मी आजवर दातांवर प्रवचनं झोडली होती. चूक आपोआप बाईंच्या नावावर चालली होती आणि ती जाऊ दिली असती तर कोणाला कळलंही नसतं. त्या मिनिटाची मला अजून लाज वाटते. मग त्या ओळीतल्या एका पोरीने वळून पाड्याकडे पाहिलं, सायकली उभ्या होत्या तिकडे, आणि मला राहवलं नाही.

"चूक बाईंची नाही," मी म्हटलं. "सायकलीचीही नाही. चेन कड्यांच्या एका जोडीने आखूड आहे. पुरेशी लांब असती तर मोठ्याला मोठं लावूनही नुसती कुरकुरली असती, अडकली नसती. ती आखूड मी ठेवली. दोन कड्या वाचवल्या."

"इसरलास?" सोमाबाबांनी विचारलं.

"विसरलो नाही. वाचवल्या."

सोमाबाबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. "मंग आता नीट कर," ते म्हणाले. "आनि ती अडकली तठनं परत येऊ दे. मी बसलोय."

मी तिथे रस्त्यावर बसलो. कान सरळ केला, डिरेलर जागेवर आणला, पिशवीतल्या डब्यातून ती तिसरी जोडी काढून चेनला जोडली. आसपास पन्नास माणसं वाकून बघत होती आणि त्यांतली निम्मी दात मोजत होती. मग पन्नास-चौतीस लावून पायडल फिरवून दाखवलं. चेन कुरकुरली, फिरली.

बाई सायकल घेऊन खाली निघाल्या. अडकली ती जागा वळणापलीकडे होती, पण त्या तिथे थांबल्या नाहीत. त्या थेट पहिल्या विसाव्यापर्यंत उतरल्या, असं नंतर खाली उभ्या असलेल्या माणसांनी सांगितलं. आम्ही वर वाट बघत राहिलो. वेळ लागला. फार लागला, असं मला तरी वाटलं. मग वळणावर लाल सायकल दिसली. बाई बसलेल्या. पाय भराभर फिरत होते, सायकल हळूहळू येत होती. एकास एकवर असंच दिसतं, पायांची घाई आणि चाकाचा निवांतपणा. तिसऱ्या विसाव्यापाशी त्यांनी मान वर केली आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "काका, सकाळी भाकरी. चटणी. चहा. खोडाळ्याला दोन केळी."

पोरी धावत सुटल्या. बाई वर आल्या, पाय न टेकवता बाबांच्या दगडापर्यंत गेल्या आणि मग उतरल्या. सोमाबाबा उठले. त्यांनी सायकलीच्या मागच्या चाकाकडे वाकून पाहिलं, बोटाने मोठ्या चकतीचा एक दात चाचपला. "बेस," म्हणाले. एवढंच.

आठवड्याने दुकानासमोर टेम्पो थांबला. तोच भंगारवाल्याचा. सोमाबाबांनी त्याला भाड्याने ठरवला होता. बारा सायकली उतरल्या, एका कॅरिअरवर अजून गवत होतं. मागे चोवीस दातांचं फ्रीव्हील बसवायचं मी ठरवलं होतं. गिअर नको, गिअरला रोज देखभाल लागते आणि पाड्यावर ती कोण करणार. चोवीसवर सगळा चढ बसून होणार नाही, हे मी बाबांना आधीच सांगितलं. अर्धा होईल, उरलेला ढकलायचा. चेन वाढवायला लागणार होत्या, त्यासाठी मी जाड कड्यांचा डबा फळीवर आणून उलटा केला. बारा सायकलींना पुरून उरल्या. बायको दारातून उलट्या डब्याकडे बघत होती.

सोमाबाबा स्टुलावर बसून मला काम करताना बघत होते. पहिलं फ्रीव्हील निघालं, नवं बसलं. त्यांनी जुनं हातात घेऊन फिरवलं, मग नवं पाहिलं.

"येवढाच फरक?"

"एवढाच."

"अवघड हाय कां हे काम?"

"नाही. वीस मिनिटं."

ते उठले आणि सायकलीच्या सीटखाली वाकले. तिथलं स्टिकर ऊन-पावसाने फिकट झालं होतं, पण वाचता येत होतं. त्यांनी आधी त्यावर बोट ठेवलं, मग माझ्या दुकानाच्या पाटीकडे पाहिलं.

"शेठ, ह्या तूच बनवल्या व्हत्या ना?"

"हो."

"आमचा चढ तुला म्हाईत व्हता?"

"माहीत होता."

"मंग तवाच कां नाय लावलंस?"

रागाने विचारलं नव्हतं. चहाला साखर किती, असं विचारावं तसं विचारलं होतं. मला कोणी चोवीस लावायला सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. पण ज्या पोरींसाठी सायकली जोडत होतो, त्यांच्यातल्या एकीलाही मी सकाळी काय खाल्लंस असं विचारलं नव्हतं, हेही खरं होतं. मी दुसरी सायकल उलटी केली आणि पान्हा लावला.